सरकारी अहवालांचा शोध आणि आधार देण्याची आमची रीत

(१)

अस्सल पत्रें, सनदा, ताम्रपट, शिलालेख व बखरी हीं इतिहासाचीं साधनें होत, हें आतां कोणास सांगावें लागत नाहीं. एखादें पत्र छापावयाचें झालें, तर तें कोणाच्या दप्तरांतलें, त्याची मिति कोणती, अक्षर कोणाचें, कागदाचा कोणता भाग फाटलेला, एवढें सांगितल्यावांचून आमचा संशोधक पुढें पाऊल टाकीत नाहीं. परंतु तोच संशोधक इंग्रजी अमदानींतील छापील सरकारी अहवाल हातीं घेतो, तेव्हां ही सारी शिस्त दाराबाहेर ठेवतो. ‘सरकारी अहवालांत असें म्हटलें आहे’ एवढ्यावर त्याचें समाधान होतें. अहवाल छापील, तेव्हां त्याचा पाठ एकच असावयाचा, अशी त्याची समजूत दिसते. ही समजूत मुळांतच चुकीची आहे. आणि आंतरजालावर हजारों जुने अहवाल फुकट मिळूं लागल्यापासून ती अधिकच नुकसान करूं लागली आहे. हें उदाहरणांनीं दाखवावें, आणि अहवाल शोधण्याची व त्याचा आधार देण्याची कांहीं एक रीत सुचवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अहवालाची छायाप्रत हातीं लागणें आणि अहवाल सापडणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल कोणीं मागविला, कोणीं लिहिला, कोणत्या शीर्षकानें व कोणत्या मालेंत छापला गेला, त्यास परिशिष्टें किती, आणि आपल्यापुढें आहे तो छाप कितवा, हें कळलें म्हणजेच तो सापडला. तोंपर्यंत आपल्यापाशीं असतात तीं केवळ पानें.

(२)

उदाहरणासाठीं एकच प्रसिद्ध अहवाल घेऊं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें आसपासच्या खेड्यांतील कुणबी जमले. त्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे मागितले, हातीं लागले ते जाळले आणि धान्याचीं दुकानें लुटलीं. हें लोण अहमदनगर जिल्ह्यांतहि पोंचलें. चौकशीसाठीं समिति नेमली गेली, आणि तिचा अहवाल १८७६ सालीं मुंबईस सरकारी छापखान्यांत छापला गेला. त्याचें शीर्षक ‘पुणें व अहमदनगर येथील १८७५ च्या दंग्यांविषयींच्या समितीचा अहवाल’ अशा अर्थाचें आहे. पुढें १८७८ सालीं हा अहवाल विलायतेंत पार्लमेंटापुढें ठेवण्यांत आला. तेथील शीर्षकांत ‘समिति’ जाऊन ‘कमिशन’ आलें, आणि शीर्षकाची रचनाहि पालटून तें बरेंच लांबलें. आज बारावीच्या विद्यार्थ्यांस राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या पुस्तकांतून हाच अहवाल ‘डेक्कन रायट्स रिपोर्ट’ या नांवानें परिचित होतो. सर्वांच्या तोंडीं असलेलें हें सुटसुटीत नांव मुंबईच्या शीर्षकपृष्ठावर नाहींच.

याचा परिणाम काय होतो तो पाहावा. विद्यार्थी ग्रंथालयाच्या सूचींत हें तोंडचें नांव घालून शोध घेतो. सूचि करणारानें शीर्षकपृष्ठावर होतें तेंच नांव प्रामाणिकपणें लिहिलेलें असतें. म्हणून सूचि मौन धरते. विद्यार्थी परत जाऊन सांगतो कीं, येथें हा अहवाल नाहीं. कपाटांत तो असतोच. दुसरा एखादा विद्यार्थी आंतरजालावर लंडनचा छाप मिळवितो, आणि त्याचे पृष्ठांक मुंबईच्या छापाचे म्हणून देतो. तिसरा त्याच्या लेखावरून ते पृष्ठांक उचलतो. अशा रीतीनें एक चूक तीन ठिकाणीं आधार म्हणून मिरवूं लागते, आणि चौथा मनुष्य ताडून पाहावयास गेला म्हणजे त्यास त्या पानावर भलतेंच कांहीं आढळतें.

पृष्ठांकाची चूक ही त्या मानानें लहान. मोठी हानि परिशिष्टांच्या बाबतींत होते. मुंबईच्या छापास अ, ब, क अशीं परिशिष्टें आहेत. मुख्य अहवालाचा रोख सावकाराकडे आहे. सरकारच्या साऱ्याकडे बोट दाखविण्यास समिति राजी दिसत नाहीं. परंतु तिच्याच सभासदांपैकीं ऑक्लंड कॉल्व्हिन यानें साऱ्याच्या वाढीविषयीं स्वतंत्र टिपण लिहिलें होतें. केवळ मुख्य अहवाल वाचणारास समितीचें एकमुखी मत ऐकूं येतें. टिपणें व परिशिष्टें वाचणारास सरकारच्या घरांतलाच मतभेद ऐकूं येतो. रविंदर कुमार यांनीं १९६८ च्या आपल्या ग्रंथांत या दंग्यांस पश्चिम हिंदुस्थानच्या सामाजिक स्थित्यंतरांत मोठें स्थान दिलें; नील चार्ल्सवर्थ यांनीं १९७२ च्या निबंधांत त्यांचें महत्त्व फुगविलें गेलें आहे असें प्रतिपादन केलें. या वादांत आपलें मत ठरवूं पाहणारास फिरून त्याच अहवालाकडे जावें लागतें. आणि त्याच्या हातीं परिशिष्टांवांचूनची प्रत आली, तर त्याचा निर्णय प्रतीनेंच आधीं करून टाकलेला असतो.

आणखी एक पायरी खालीं उतरलें पाहिजे. साऱ्याची वाढ खरोखर किती झाली, हें पाहण्यास तालुकावार पाहणीचे अहवाल लागतात. इंदापूर तालुक्याची तीस वर्षांची पहिली जमाबंदी १८३६ ची. ती मुदत संपल्यावर १८६७ त नवी झाली. असे पाहणीचे अहवाल व त्यांवरील सरकारचे ठराव ‘मुंबई सरकारच्या दप्तरांतील निवडक कागद’ या मालेच्या नव्या क्रमांत अंकवार छापलेले आहेत. या मालेंत ग्रंथाची खरी ओळख म्हणजे त्याचा अंक. तालुक्याच्या नांवानें शोधूं जाणारास निराशा पदरीं येण्याचा संभव असतो. अंक माहीत असणारास ग्रंथपाल थोड्याच वेळांत पुस्तक काढून देतो.

(३)

नांवाच्या लेखनाची अडचण याहून निराळी आहे. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ त लिहिलेला अहवाल कलकत्त्यास १८२१ त छापला गेला, आणि त्याची दुसरी आवृत्ति मुंबईस १८३८ त निघाली. शीर्षकांतील ‘पेशवा’ हा शब्द आज आपण रोमन लिपींत लिहितों तसा तेथें नाहीं. ‘पैश्वा’ असें वाचतां येईल अशा अक्षरांत तो आहे. यंत्र अक्षरास अक्षर जुळवितें. तेव्हां नव्या वळणानें शब्द घालणारास हा अहवाल सांपडला नाहीं तर त्यांत नवल नाहीं. दख्खनचें ‘डुखुन’, खानदेशचें ‘कँडेश’, रत्नागिरीचें ‘रटनाघेरी’ हीं रूपें त्याच काळचीं. तेव्हां शोधूं बसण्यापूर्वीं गांवाचीं व जिल्ह्याचीं जुनीं इंग्रजी वळणें एका कागदावर मांडून घ्यावीं. पाठभेद गोळा केल्यावांचून संहितेचा निश्चय होत नाहीं, हा नियम पोथ्यांस लागू तसा सूचींसहि लागू आहे.

कित्येक सरकारी चौकश्या सरकारी पुस्तकांत छापल्याच गेल्या नाहींत. कर्नल साइक्स यास मुंबई सरकारनें दख्खनची आकडेवार माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमिलें होतें. दख्खनच्या चार कलेक्टरींविषयींचा त्याचा विस्तृत अहवाल मात्र ‘ब्रिटिश असोसिएशन’ या विद्वत्सभेच्या १८३७ च्या अधिवेशनाच्या वृत्तांतांत आहे. जो केवळ सरकारी प्रकाशनांच्या यादींत शोध घेईल त्यास तो कधींच भेटणार नाहीं. अधिकाऱ्याचें नांव धरून त्या काळच्या विद्वत्सभांचीं नियतकालिकें चाळणें, हाच येथें मार्ग.

उलट, विद्वानाचा ग्रंथ सरकारी पुस्तकाच्या पोटांत दडलेला असतो. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ प्रथम १८८४ त निघाला, १८९५ त त्याची दुसरी आवृत्ति झाली, आणि १८९६ त मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागांत तो समाविष्ट झाला. त्याच भागांत फ्लीट यांचा कानडी जिल्ह्यांतील राजवंशांवरील ग्रंथहि आहे. संपूर्ण गॅझेटिअरचे संपादक म्हणून जेम्स कॅम्बेल यांचें नांव असल्यामुळें कित्येक लेखक भांडारकरांचें मत कॅम्बेलच्या नांवावर खपवितात. साल न देतां ‘भांडारकर म्हणतात’ असें लिहिणें हेंहि तितकेंच सदोष. कारण १८८४ चे भांडारकर व १८९५ चे भांडारकर यांच्यामध्यें अकरा वर्षांचा अभ्यास आहे.

(४)

आतां ग्रंथालयांचा विचार करूं. पुण्यांत गोखले अर्थशास्त्र संस्थेचें ग्रंथालय हें या कामीं पहिलें ठिकाण होय. भारत सेवक समाजानें जमविलेला संग्रह तेथें आहे, आणि शेतकी, सारा, दुष्काळ, सहकार, मजुरी या विषयांवरील जुन्या सरकारी प्रकाशनांचा असा सांठा महाराष्ट्रांत विरळाच. मुंबईस टाउन हॉलमध्यें एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे. या संस्थेचा उगम १८०४ चा. जवळच एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत राज्याचें पुराभिलेखागार आहे. पण तेथें जावयाचें तें छापील अहवालासाठीं नव्हे, तर त्याच्या मागच्या पत्रव्यवहारासाठीं. छापील अहवाल हा निकाल होय. त्याचे मसुदे, खालच्या अधिकाऱ्यांचीं उत्तरें, वरच्यांचे शेरे हे सारे खात्याच्या दप्तरांत असतात. हा भेद न ओळखल्यामुळें कित्येक तरुण एका ठिकाणची वस्तु दुसऱ्या ठिकाणीं मागत बसतात.

विलायतेंत इंडिया ऑफिसचें दप्तर आतां ब्रिटिश लायब्ररींत आहे. त्यांत सरकारी प्रकाशनांचा एक स्वतंत्र विभाग करून, निवडक कागदांच्या माला, खात्यांचे वार्षिक अहवाल, चौकशी समित्यांचे अहवाल आणि एकेका विषयावरील प्रबंध असे वेगळे वर्ग पाडले आहेत. ही वर्गवारी घरीं बसून वाचतां येते, आणि ती वाचणें हें एक शिक्षणच आहे. कारण आपणांस हवी असलेली वस्तु कोणत्या जातीची, हें तीवरून कळतें. ब्रिटिश म्युझियममधील हिंदुस्थानच्या सरकारी प्रकाशनांची फ्रँक कॅम्बेल यांनीं केलेली सूचि १९०० त छापली गेली. सव्वाशें वर्षांपूर्वींची ही सूचि आजहि निरुपयोगी झालेली नाहीं.

ग्रंथपालाकडे जातांना ‘दंग्यांवर कांहीं आहे काय’ असें विचारूं नये. कोणत्या सरकारचें, कोणत्या खात्याचें, कोणत्या सालचें, कोणत्या मालेंतलें, एवढें टिपून न्यावें. सूचींत सरकारी ग्रंथांचा कर्ता पुष्कळदां व्यक्ति नसून सरकार किंवा खातें असतो. अध्यक्षाच्या नांवानें शोध निष्फळ झाला म्हणून ग्रंथच नाहीं असें समजूं नये.

(५)

आंतरजालावरील फुकट सांठ्यांनीं केलेला उपकार मोठा आहे, आणि तो मोकळ्या मनानें मान्य केला पाहिजे. गोखले संस्थेनें आपल्याकडील शेंकडों दुर्मिळ अहवालांच्या छायाप्रती सर्वांस खुल्या केल्या आहेत. अमेरिकेंतील ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या सांठ्यांत पूर्वीच्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ च्या असंख्य प्रती जाऊन पडल्या आहेत. शिकागो विद्यापीठाच्या सांठ्यांत ‘इंपीरियल गॅझेटिअर’ नीट लावून ठेवलें आहे. राष्ट्रीय अभिलेखागारानें २०१५ त ‘अभिलेख पटल’ उघडलें. पुरातत्त्व खात्याचें १९५३-५४ पासूनचें वार्षिक समालोचन आणि जनगणनेचे जुने खंड हेहि त्या त्या खात्यांनीं उपलब्ध करून दिले आहेत. तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या शिक्षकास पूर्वीं जे ग्रंथ पाहण्यासाठीं मुंबईची खेप करावी लागे, ते आज त्याच्या हातांतील यंत्रावर उघडतात. ही सोय कमी लेखणारा मनुष्य कृतघ्न म्हटला पाहिजे.

परंतु या सांठ्यांचे दोषहि तितकेच स्पष्टपणें सांगितले पाहिजेत. पहिला दोष नोंदीचा. अनेक प्रतींच्या नोंदींत कर्त्याच्या जागीं ‘उपलब्ध नाहीं’ असे शब्द असतात. शीर्षक अर्धवट, साल चुकीचें, आणि अनेक भागांच्या ग्रंथांत हा कितवा भाग याचा पत्ता नाहीं. पुणें जिल्ह्याचें गॅझेटिअर १८८५ चें, तीन भागांचें. एकच भाग उतरवून घेऊन ‘पुण्याचें गॅझेटिअर पाहिलें’ म्हणणारे लोक आढळतात. दुसरा दोष नकाशांचा. घडीचे नकाशे व मोठीं कोष्टकें छायाप्रत घेतांना न उलगडतांच पुष्कळदां टिपलीं गेलीं आहेत. जमाबंदीच्या अहवालांत तर तींच महत्त्वाचीं. तिसरा दोष यंत्रानें वाचलेल्या अक्षरांचा. झिजलेल्या टाइपांतील आंकडे यंत्र चुकीचे वाचतें, आणि कोष्टकांतील रकाने एकमेकांत मिसळतें. म्हणून यंत्रानें काढून दिलेला आंकडा पानाच्या चित्राशीं ताडल्यावांचून केव्हांहि वापरूं नये. चौथा दोष पुनर्मुद्रणाचा. गॅझेटिअरांचीं पुनर्मुद्रणें झालीं आहेत. त्यांचे व मूळ छापाचे पृष्ठांक तेच असतील असें गृहीत धरूं नये.

कांहीं सांठ्यांत पुस्तक भारतांतून उघडत नाहीं, पण त्याच्या आंतील शब्द शोधतां येतात. ‘हाथीट्रस्ट’ हें त्याचें उदाहरण. याचा उपयोग पुष्कळांस ठाऊक नाहीं. शब्द कोणत्या पानावर आहे एवढें तेथें कळतें. तें टिपून जवळच्या ग्रंथालयांतील छापील प्रत मागवावी. आंतरजाल व ग्रंथालय हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत. एक ठिकाण दाखवितें, दुसरें प्रमाण देतें.

(६)

स्वातंत्र्योत्तर अहवालांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण जुने अहवाल सुरक्षित आणि नवे मात्र दुर्मिळ, अशी विपरीत स्थिति आलेली आहे. १९५४ च्या अधिनियमानें प्रत्येक प्रकाशित ग्रंथाची प्रत कलकत्त्याचें राष्ट्रीय ग्रंथालय व मद्रास, मुंबई आणि दिल्ली येथील तीन ग्रंथालयें यांस देणें बंधनकारक केलें, आणि सरकारी ग्रंथांसहि हा नियम लावला. पण ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठीं’ असलेले ग्रंथ त्यांतून वगळले. या एका वाक्याच्या फटींतून किती संशोधनात्मक अहवाल निसटत असतील, याची कल्पना ग्रंथालयांत अशा अहवालांसाठीं हेलपाटे घालणारासच येईल.

महाराष्ट्रांतील प्रादेशिक असमतोलाविषयींचा सत्यशोधन समितीचा अहवाल १९८४ चा. लोक त्यास ‘दांडेकर समिति’ म्हणतात. समतोल प्रादेशिक विकासाविषयींच्या उच्चस्तरीय समितीचा अहवाल २०१३ चा. लोक त्यास ‘केळकर समिति’ म्हणतात. अनुशेषावरील प्रत्येक वादांत हे दोन अहवाल उच्चारले जातात. त्यांचीं पूर्ण शीर्षकें सांगणारा मात्र क्वचित् भेटतो. सुप्याच्या दंग्याच्या अहवालाची जी गत झाली तीच यांची होत आहे. पन्नास वर्षांनीं यांच्याहि परिशिष्टांचा शोध करावा लागेल.

येथें कायदा संशोधकाच्या बाजूस आहे, हें विसरूं नये. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमांतील चौथें कलम प्रत्येक सरकारी कार्यालयावर आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवण्याचें कर्तव्य लादतें. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकाराच्या अधिनियमाप्रमाणें सरकारी ग्रंथावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनीं संपतो. आणि विधिमंडळापुढें ठेवलेला समितीचा अहवाल, सरकारनें मनाई केली नसेल तर, त्यापूर्वींहि छापतां येतो. तेव्हां ‘परवानगी नाहीं’ म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनीं आधीं हीं कलमें वाचावींत.

(७)

यावर असा पूर्वपक्ष येईल कीं, इतका खटाटोप कशासाठीं? मजकूर तोच असेल तर छाप कोणताहि असो. याचें उत्तर वर आलेंच आहे: मजकूर तोच आहे हें ताडून पाहिल्याशिवाय कळत नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध करतांना प्रत्येक पोथी कोठली, कोणत्या लिपींतली व कोठें खंडित, हें नोंदविलें, म्हणूनच तिच्या निर्णयाशीं मतभेद असणारासहि तीच आवृत्ति घेऊन वाद करतां येतो. आधार देण्याचा खरा उपयोग आपलें म्हणणें भारदस्त करण्यांत नाहीं. दुसऱ्यास तें खोडून काढण्याची वाट मोकळी ठेवण्यांत आहे. ज्या लेखांत ही वाट बंद आहे तो लेख कितीहि विद्वत्तापूर्ण असला तरी त्यावर विश्वास कां ठेवावा?

सबब आमची सूचना अशी. या त्रैमासिकांत येणाऱ्या प्रत्येक लेखांत सरकारी अहवालाचा आधार देतांना पांच गोष्टी असाव्यात: शीर्षकपृष्ठावरील पूर्ण नांव, सरकार व खातें, माला असल्यास तिचा अंक, छापण्याचें ठिकाण व साल, आणि पाहिलेली प्रत छापील कीं छायाप्रत, व ती कोणत्या ग्रंथालयाची अथवा सांठ्याची. परिशिष्टें पाहिलीं नसतील तर तसें लिहावें. त्यांत कमीपणा नाहीं. यासाठीं लेखकास चार ओळी अधिक लिहाव्या लागतील व संपादकांस थोडें कठोर व्हावें लागेल. शिवाय मंडळाच्या सभासदांनीं एकेक जिल्हा वांटून घेऊन त्या जिल्ह्याविषयींच्या सरकारी अहवालांची अशी पांच रकान्यांची यादी करावी. पुणें व अहमदनगर हे जिल्हे प्रथम घ्यावे. त्यांच्या यादीचा आरंभ १८७६ च्या अहवालानें, त्याच्या दोन्ही शीर्षकांनीं आणि तिन्ही परिशिष्टांनीं व्हावा.